पापणीच्या ऑपरेशनआधी नक्की काय खाली आलंय ते तर बघू

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. वय ४७, शाळेत शिकवतात. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"सिस्टर, दोन वर्षांपासून वरच्या पापण्या लोंबायला लागल्यात आणि डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारतंच, मॅडम रडलात का, झोप झाली नाही का. पाच आठवड्यांनी भावाच्या मुलाचं लग्न आहे, मी एकटीच आत्या, सगळ्या फोटोत असणार. मोबाईलवर जाहिरात बघून एका क्लिनिकला फोन केला तर म्हणाले वरचं-खालचं दोन्ही एकदम करू, त्याच दिवशी घरी, डाग राहत नाही, ह्या महिन्यात ऑफर आहे. सासूबाई म्हणतात ह्या वयात कशाला ही थेरं, मिस्टर काहीच बोलत नाहीत. बीपीची आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. उजवी पापणी संध्याकाळी वह्या तपासताना जरा जास्तच खाली येते, बाकी काही त्रास नाही. किती दुखतं, किती दिवस लागतात, लोकांना कळतं का, आणि करू का नको?"

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लग्न, ऑफर, सासूबाई ह्यावरच लक्ष गेलं, दुसऱ्यांदा वाचताना ते वह्यांचं वाक्य आलं आणि मी तिथंच थांबले. तुम्ही ते जाताजाता लिहिलंय पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर येतेच. आधी एक सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, चोवीस वर्षं डोळ्यांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून काढलीत आणि त्यातल्या कितीतरी पापण्यांच्या केसेसना शेजारी उभी राहिलेय, शिवाय माझ्या सख्ख्या अक्काचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस तिची सगळी देखभाल मी केली. त्यामुळे जे सांगतेय ते बघितलेलं आहे, पण तुमच्या डोळ्याचं निदान मी इथून करू शकत नाही आणि फोनवर ते क्लिनिकवालेही करू शकत नाहीत.

सासूबाईंचं पहिलं निकालात काढू. तुम्हाला ताजंतवानं दिसावंसं वाटतं ह्यात काहीही चुकीचं नाही हो. रोज कुणी रडलात का विचारत असेल तर माणूस कंटाळतो, आणि ४७ हे काय वय झालं? ह्याच वयात लोक हे ऑपरेशन करून घेतात, साठीतही घेतात. सासूबाईंना थेरं वाटू देत, डोळे तुमचे आहेत. फक्त मिस्टरांशी नीट बसून बोला, कारण पहिले तीन-चार दिवस घरात कुणीतरी हाताशी लागतंच आणि त्यांना आधी सांगितलेलं नसेल तर त्या दिवसांत तुम्हालाच जड जाईल.

आता मुद्द्याचं. "पापणी लोंबते" असं आपण सगळे एकाच शब्दात म्हणतो पण खाली येणाऱ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या असतात आणि तिन्हींचं ऑपरेशन वेगळं. एक म्हणजे नुसती कातडी. पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ, अर्धा मिलिमीटरच्या आसपास, वयाने ती सैल पडते आणि पडद्याला चुणी पडावी तशी पापणीच्या कडेवर येऊन बसते, कधीकधी केसांवर टेकते. ही जास्तीची कातडी आणि लागलं तर थोडी चरबी काढायची ह्याला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात, क्लिनिकवाले तुम्हाला जे विकतायत ते हेच. दुसरं म्हणजे पापणी स्वतःच खाली आलेली असते, तिला उचलणारा आतला स्नायू किंवा त्याचा पातळ पडदा ढिला झालेला असतो, ह्याला टोसिस म्हणतात, आणि इथे कितीही कातडी कापली तरी पापणी वर येत नाही, तो स्नायू आवळावा लागतो. तिसरं म्हणजे भुवई. भुवई खाली सरकली की तिच्याबरोबर पापणीची कातडी पण ढकलली जाते, आणि अशा माणसाची नुसती कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढल्यासारखी दिसते, डोळे रागावल्यासारखे वाटतात. बऱ्याच जणींना ह्यातलं एकापेक्षा जास्त असतं.

घरी बघता येतं थोडंफार. आरशासमोर बसा, डोळे मिटा, कपाळ एकदम सैल सोडा, तळहात कपाळावर हलकेच ठेवा म्हणजे भुवया वर चढणार नाहीत, मग डोळे उघडा. आपल्याला कळत नाही पण पापणी जड झाली की आपण दिवसभर कपाळाने ती उचलत असतो, अक्काचं तसंच होतं, संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणून ती बाम चोळत बसायची. हात ठेवल्यावर कातडी केसांवर आली पण पापणीची कड बुबुळाच्या वरच्या भागातच आहे, तर प्रश्न बहुतेक कातडीचा. कडच बाहुलीजवळ आली असेल तर ते वेगळं. आणखी एक करा, मिस्टरांना सांगा की मोबाईल तुमच्या डोळ्यांच्या सरळ रेषेत धरून फ्लॅश लावून फोटो काढा, बाहुलीत फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसतो, त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४-५ मिलिमीटर अंतर असतं. दोन्ही डोळ्यांत ते सारखं दिसतंय का बघा. सकाळी उठल्यावर एक फोटो आणि रात्री वह्या झाल्यावर एक, असे आठवडाभर काढा.

हे आठवडाभर का, ते सांगते. सैल कातडी सकाळी जेवढी असते तेवढीच संध्याकाळी असते. थकल्यावर थोडा फरक सगळ्यांनाच पडतो, वयामुळे आलेली टोसिसही दमल्यावर जरा जास्त दिसते, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण एकच पापणी, आणि ती काम करत गेलं की खाली खाली येते, झोप झाली की परत वर जाते, असं असेल तर एक आजार आधी नाकारावा लागतो, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. ह्यात नसेकडून स्नायूला जाणारा निरोप नीट पोहोचत नाही कारण शरीराच्याच अँटिबॉडी मध्ये आडव्या येतात, वापरत गेलं की स्नायू थकत जातो, आणि पुष्कळांमध्ये हा आजार पहिल्यांदा पापणीतच दिसतो. थायरॉईडच्या काही आजारांबरोबर तो जोडीने आढळतो म्हणूनच तुमची थायरॉईडची गोळी वाचून माझं लक्ष आणखी गेलं. डॉक्टर एक साधी गोष्ट करतात, तुम्हाला मिनिट-दोन मिनिटं न थांबता वर बघायला लावतात आणि पापणी हळूहळू घसरते का ते बघतात, मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून ती वर येते का ते बघतात, मग गरज वाटली तर रक्ताची तपासणी, न्यूरोलॉजिस्ट वगैरे. ह्या आजाराला औषधं आहेत, गोळ्यांनी पुष्कळदा पापणी वर येते. आता विचार करा, हे असेल आणि कुणी ऑफरमध्ये तुमची कातडी कापून टाकली तर पापणी तशीच लोंबणार, आणि वर डोळा नीट मिटणार नाही ते वेगळंच. तुम्हाला एकाचे दोन दिसतात का, गिळताना अडकतं का, बोलता बोलता आवाज बसतो का, दंड भरून येतात का, हे पत्रात नाही. असलं काही असेल तर लग्नाची वाट न बघता आधी दाखवा. आणि हे सगळ्यांसाठीच सांगते, पापणी अचानक, एका दिवसात पडली, सोबत डोकं भयंकर दुखतंय, दोन दोन दिसतंय किंवा एक बाहुली मोठी झालीय तर त्याच घडीला मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यामुळेही असं होतं.

खालच्या पिशव्यांचं वेगळं आहे. तिथे डोळ्याभोवतीची चरबी असते, तिला धरून ठेवणारा पडदा वयाने ढिला पडला की ती पुढे डोकावते. ही पिशवी सकाळ-संध्याकाळ सारखीच दिसते. पण तुमची सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होत असेल तर त्यात पाण्याची सूज आहे, आणि ती ऑपरेशनने जात नाही. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचं, शेंगाचटणी असं खारट जास्त झालं तरी सकाळी डोळे सुजतात, थायरॉईड कमी असलं तरी सुजतात, किडनीचं काही असलं तरी. थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणता पण शेवटचं टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी केलंत? वर्ष होऊन गेलं असेल तर आधी ते करा, डोस कमी पडत असेल तर गोळीच वाढवायला लागेल आणि अर्धी सूज तिथेच उतरेल. थायरॉईड स्थिर नसताना चांगला सर्जन पापणीला सुरी लावतच नाही, सहा महिने रिपोर्ट स्थिर राहू देत म्हणतो.

काळी वर्तुळं असतील तर ती ह्याने जात नाहीत हेही आत्ताच सांगते. आपल्या कातडीत तो रंगच असतो. डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या रेषाही तशाच राहतात. पिशवीमुळे पडणारी सावली तेवढी जाते. अक्काच्या ओळखीतल्या एक बाई हे न कळता करून आल्या आणि नंतर सहा महिने दुःखी होत्या की काळं गेलंच नाही, ऑपरेशन खरं तर चांगलं झालं होतं.

आता लग्नाचं. पाच आठवडे पुरत नाहीत ताई. हिशोब करा, तपासण्यांना दीड-दोन आठवडे, मग उरतात तीन. निळेपणा साधारण दहा ते चौदा दिवसांत जातो, सूज दोन आठवड्यांत बरीच उतरते पण सगळी नाही, टाक्यांची रेघ तेव्हा गुलाबी असते, आणि डोळ्यांचा खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. फोटोत मेकअपने निळं झाकता येईल पण काजळ आणि आयलायनर दोन आठवडे तरी बंद, आणि तुम्ही आत्या, तुम्हाला मांडवात नुसतं बसून कसं चालेल, येईल त्याच्या पाया पडायला वाका, रुखवत उचला, हळद उडणार, अक्षता तर थेट तोंडावर येतात. वाकणं आणि जड उचलणं दोन-तीन आठवडे नको असतं कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि आतली बारीक रक्तवाहिनी परत वाहू शकते. माझं मत विचाराल तर हे लग्न आहे तशा डोळ्यांनी मस्त करा, आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर दिवाळीच्या सुट्टीत करा, तुम्हाला शाळेतून रजाही मागावी लागणार नाही, आणि आपलं इथलं ४२-४४ डिग्रीचं ऊन, घाम, धूळ हे सगळं टळेल. घाम टाक्यांवर आला की चुरचुरतं आणि ताज्या रेघेवर ऊन लागलं की आपल्यासारख्या कातडीत ती काळपट पडते. अक्काने सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपेपर्यंत थांबून फेब्रुवारीत केलं, तो निर्णय फार चांगला ठरला.

तिचं कसं झालं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. अक्का तेव्हा ६३ ची, ब्लाऊज शिवायची, सुईत दोरा ओवताना एका बोटाने पापणी वर धरायची आणि बसची पाटी वाचतानाही तसंच. ऑपरेशन पुण्याला झालं. आत नेण्याआधी सर्जननी तिला बसवूनच पेनने पापण्यांवर खुणा केल्या, कारण आडवं झालं की कातडी बाजूला सरकते आणि माप चुकतं. वरच्या पापणीत भुवईपासून केसांपर्यंत २० मिलिमीटर तरी कातडी शिल्लक ठेवायची असते, नाहीतर डोळा मिटत नाही, म्हणून ते कंपासने मोजत होते. मग भुलीचं इंजेक्शन, आणि दुखतं ते हेच, मधमाशी चावल्यासारखं काही सेकंद झणझणतं, दोन्ही बाजूंना, त्यानंतर सुरी कळत नाही. माणूस जागा असतो किंवा थोडी गुंगी देतात. चरबी ओढताना आत दाबल्यासारखं, ओढल्यासारखं होतं. आणि रक्त थांबवायला कॉटरी, म्हणजे चटका देणारं उपकरण, लावतात तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो, त्याला लोक फार घाबरतात, मी ओटीत असताना आधीच कानात सांगून ठेवायचे की वास येईल, काही झालेलं नाही. दोन्ही वरच्या पापण्यांना तास-सव्वा तास लागला. खालचंही करायचं असेल तर आणखी वेळ, त्यात चीर एकतर पापणीच्या आतून घेतात, मग बाहेर टाका दिसत नाही, नाहीतर केसांच्या अगदी खालून.

त्या रात्री भूल उतरल्यावर तिला ठणका असा नव्हता, ताण होता, पॅरासिटामॉलवर भागलं. दात, बाळंतपण ह्यातलं काहीही जास्त दुखतं असं तीच म्हणायची. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची तयारी मनाची ठेवा. सूज तेव्हा सगळ्यात जास्त असते, तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काने आरसा मागितला आणि बघून रडायलाच लागली, डोळे म्हणजे दोन फटी, उजवीकडचं जांभळं गालापर्यंत उतरलेलं. मी तिला म्हटलं उतरतंय म्हणजे जातंय, आणि खरंच तसंच असतं, रक्त खाली ओघळत ओघळत पिवळं पडून नाहीसं होतं. पहिले दोन दिवस जागं असेपर्यंत दर तासाला दहा-पंधरा मिनिटं गार शेक, बर्फ थेट नाही, मी फ्रीजरमधल्या मटारची पिशवी स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून ठेवायचे, ती डोळ्याच्या आकाराला बसते आणि वजनही येत नाही. झोपताना डोकं उंच, दोन उशा आणि त्याखाली घडी केलेली चादर, आपली सोलापुरी चादर जाड असते त्यामुळे ती सरकली नाही, नाहीतर उशा रात्री घसरतात आणि सकाळी सूज दुप्पट. अंघोळ गळ्याखालून. चुलीचा धूर, गरम तव्यासमोर भाकरी थापणं बंद. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येईल त्या दिवशी घागरी-बादल्या भरायचं काम दुसऱ्याकडे द्या, हे मी मुद्दाम सांगते कारण बायका सगळं पाळतात आणि पाणी आलं की विसरतात.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. पहिला आठवडाभर झोपेत तिचे डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, बारीक पांढरी फट दिसायची, माझा नातू घाबरून मला उठवायला आला की आजी जागीच आहे पण बोलत नाही. हे सूज आणि ताणामुळे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू जातं, पण तोपर्यंत रात्री डोळ्यात मलम आणि दिवसा अश्रूंचे ड्रॉप घालावेच लागतात, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. मलमामुळे धुरकट दिसतं, त्याला घाबरायचं नाही. वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, हेही दोन-तीन आठवडे चालतं. म्हणूनच आधीपासून डोळे कोरडे असतील तर ऑपरेशनच्या आधीच ते तपासतात, खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं लावून ओल किती मिलिमीटर चढली ते मोजतात. तुम्ही वह्या तपासता, मोबाईल बघता, ह्या वयात पाळीही बदलत असते आणि त्यानेही डोळे कोरडे होतात, तर ही टेस्ट करून घ्याच.

टाके सहाव्या दिवशी काढले, केसापेक्षा बारीक दोरा, चिमटा घेतल्याइतकंच. दहाव्या दिवशी ती गॉगल लावून बाहेर पडली, तिसऱ्या आठवड्यात शेजारणीला काहीच कळलं नाही, ती म्हणाली तब्येत सुधारल्यासारखी वाटते. तर लोकांना कळतं का ह्याचं उत्तर, दोन आठवडे कळतं, मग वरच्या पापणीची रेघ घडीत लपते, डोळा मिटला आणि कुणी जवळून बघितलं तर वर्षभर अंधूक दिसते. डाग राहतच नाही असं सांगणारा माणूस खरं बोलत नाही. लेझरने केलं तरी चीर ती चीरच, रक्त कमी जातं एवढंच. पापणीचा वरचा भाग काही आठवडे बधिर वाटतो, टाक्यांच्या रेषेवर मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपकेही येतात कधी, ते डॉक्टर सुईने काढून देतात.

आता भीतीचं पण स्पष्ट सांगायलाच हवं. सगळ्यात मोठा धोका म्हणजे डोळ्याच्या मागे रक्त साचणं. साधारण दोन हजारात एखाद्याला होतं, आणि त्यातल्याही थोड्यांची नजर कायमची जाते, म्हणजे फार दुर्मिळ, पण झालं तर तासांच्या हिशोबात नजर वाचवावी लागते. एका बाजूला एकदम जोरात दुखायला लागलं, डोळा पुढे आल्यासारखा टणक झाला, दिसायला कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. हे बहुतेक पहिल्या २४ तासांत होतं, म्हणूनच पुण्याला केलंत तर त्याच संध्याकाळच्या गाडीत बसून अडीचशे किलोमीटर लांब यायचं नाही, आम्ही दोन रात्री हडपसरला नातेवाइकांकडे राहिलो आणि मग आलो. "त्याच दिवशी घरी" हे पुणेकरांना ठीक आहे. बीपी ताब्यात नसेल तर हा धोका वाढतो, तुमची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची का ते विचारून घ्या. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा, आणि हृदयासाठीची गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. मिश्री लावत असाल तर तेही लाजू नका, सांगा, निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो, निदान महिनाभर आधीपासून सोडावी लागते.

खालच्या पापणीत दुसरा धोका असतो, कातडी जास्त काढली गेली तर पापणी खाली ओढली जाते, आतलं लाल दिसतं आणि डोळ्यातून सतत पाणी. आमच्याकडे एक बाई अशा आल्या होत्या, दुसऱ्या शहरात कुठेतरी वरचं-खालचं एकदम पॅकेजमध्ये केलेलं, पदराने सारखं पाणी टिपत बसायच्या. त्यांना पुन्हा ऑपरेशन करून पापणी वर बांधावी लागली. कातडी कमी काढली तर नंतर आणखी काढता येते, जास्त काढलेली परत शिवता येत नाही, चरबीचंही तसंच, जास्त काढली की डोळे खोल जाऊन माणूस आजारी दिसतो. त्यामुळे "थोडंच काढू" म्हणणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. तुमच्याबाबतीत दोन्ही एकदम कराच असं फोनवर ठरवणं मला अजिबात पटलेलं नाही.

जायचं कुणाकडे, तर डोळ्यांचे डॉक्टर ज्यांनी पुढे ऑक्युलोप्लास्टीचं म्हणजे पापण्यांचंच वेगळं शिक्षण घेतलंय, किंवा प्लास्टिक सर्जन ज्यांनी एमसीएच म्हणजे त्यातली वरची पदवी केलीय आणि पापण्या नियमित करतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. विचारा की ऑपरेशन स्वतः कोण करणार, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, त्यांनी केलेल्या लोकांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो आहेत का, परत थोडं करावं लागलं तर पैसे पुन्हा का. खर्चाचा कागद लेखी घ्या, त्यात सर्जनची फी, ओटी, भूल, औषधं, जीएसटी सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही. पण कातडी किंवा पापणी नजरेच्या आड येतेय असं डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (नजर किती भागापर्यंत पोहोचते त्याची तपासणी) आणि फोटोंनी दाखवून दिलं तर प्रश्न वेगळा होतो, अशा वेळी ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीकडे कागद पाठवून विचारायचं, नंतर नाही. ऑफर संपतेय म्हणून घाई करायला लावणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

तर करू का नको? माझं मत असं की आत्ता नको, आणि थायरॉईड, कोरडेपणा आणि ती उजवी पापणी हे तीन रिपोर्ट हातात आल्यावर नुसती कातडीच निघाली तर दिवाळीत जरूर करा, वरचं आधी. खालचं वरचं बरं झाल्यावर आरशात बघून ठरवा, कितीतरी जणींना मग खालचं करावंसंच वाटत नाही.

डोळे दाखवायला मात्र संध्याकाळची वेळ घ्या, सातच्या पुढची मिळाली तर उत्तम, आणि शाळेतून परस्पर जा, घरी जाऊन पडू नका. सिव्हिलची ओपीडी सकाळची असते आणि सकाळी तुमची पापणी ठीकच दिसेल, डॉक्टर म्हणतील काही नाही. तिथे जाणार असाल तर ते आठवडाभराचे सकाळ-रात्रीचे फोटो मोबाईलमध्ये आणि लग्नाच्या वेळचा तुमचा स्वतःचा एखादा जुना जवळून काढलेला फोटो सोबत न्या, म्हणजे उजवी पापणी आधीपासूनच खाली होती का आत्ता आलीय हे त्यांना तिथल्या तिथे कळेल. जाताना वह्यांचा एक गठ्ठाही बरोबर ठेवा, वेटिंगमध्ये बसून तपासत राहा आणि नंबर आला की तशाच आत जा.